‘मॅडम, गूगलवर तसंच आहे’

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात:

मी धाराशिव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत इतिहास-भूगोल शिकवते. यंदा नववीला ‘१९९३ चा किल्लारी भूकंप : माहिती संकलित करा’ असा प्रकल्प दिला. वह्या तपासताना जीव नकोसा झाला. निम्म्या वह्यांत परिच्छेदच्या परिच्छेद सारखे. दोघांनी तर शेवटचं ‘माहिती आवडल्यास शेअर करा’ हेसुद्धा उतरवलेलं. काहींनी भूकंपाची तारीख २९ सप्टेंबर लिहिली होती, ती लाल शाईने खोडून मी ३० केली. एकाने भुजच्या भूकंपाचे फोटो चिकटवले. एकीने सगळं एआयकडून लिहून घेतलं होतं, हे भाषेवरूनच कळत होतं. विचारलं की उत्तर एकच : ‘मॅडम, गूगलवर तसंच आहे.’ मुख्याध्यापक म्हणतात, इंटरनेटवरून काही आणायचंच नाही असा नियम करा. तरुण सहकारी म्हणतात, हे संगणकाच्या सरांवर सोडा. मला दोन्ही पटत नाही. पण मलाही प्रश्न टाकून वरचं पान उघडण्यापलीकडे काही येत नाही, आणि मुलांचे अंगठे माझ्यापेक्षा जलद चालतात. शाळेत चालू संगणक चार, वर्गात एक टीव्ही, वाचनालयाच्या कपाटाला बहुतेक वेळा कुलूप, आणि बऱ्याच घरांत मिळून एकच फोन. मी काय शिकवू, कसं शिकवू? की बंदीच बरी? आणि ज्यांनी उतरवून आणलं त्यांचे गुण कापू का?

ताई, नमस्कार.

सुरुवात त्या लाल शाईपासून करू या, कारण तुमच्या बऱ्याचशा प्रश्नाचं उत्तर तिथेच आहे.

किल्लारीचा भूकंप आपल्या घड्याळाप्रमाणे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार-पाच मिनिटं कमी असताना झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती विसर्जन करून गावं झोपली होती. तुमच्या भागात पन्नाशीच्या आसपासच्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. पण अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या नोंदीत याच भूकंपाची तारीख २९ सप्टेंबर आहे आणि वेळ रात्री १० वाजून २५ मिनिटं. ती नोंद चुकीची नाही. जगभरातल्या भूकंपांचा हिशेब एकाच घड्याळाने ठेवता यावा म्हणून अशा संस्था आंतरराष्ट्रीय प्रमाणवेळ वापरतात आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. रात्रीच्या १० वाजून २५ मिनिटांत साडेपाच तास मिळवले की पहाटेचे ३ वाजून ५५ मिनिटं होतात आणि तारीख बदलते. साताऱ्याकडच्या शिक्षकांना कोयनेच्या भूकंपाबाबत हेच दिसेल : आपल्याकडे ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, परदेशी नोंदींत १० डिसेंबर.

तुमच्या ज्या मुलांनी २९ लिहिलं, त्यांतल्या कुणी हयगयीने लिहिलं असेल. कुणाच्या आजीने ‘विसर्जनाच्या रात्री’ असं सांगितलं म्हणून लिहिलं असेल. पण एखाद्याने जगातल्या अतिशय विश्वासार्ह ठिकाणी पाहूनही लिहिलं असेल. कोण कुठून आलं हे वहीवरून कळायला मार्ग नाही, कारण वहीत ते लिहायला जागाच नव्हती. आपण मुलांकडे ‘माहिती’ मागतो. ती कुठे सापडली, किती ठिकाणी पाहिली, दोन ठिकाणी वेगळं आढळलं तेव्हा काय केलं, हे कधीच विचारत नाही. मग मुलंही तेवढंच देतात जेवढं मागितलं.

आता तुमच्या पत्रातल्या एका समजुतीबद्दल बोलते. मुलांचे अंगठे जलद चालतात म्हणून त्यांना शोधता येतं आणि तुम्हाला येत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. फोन चालवता येणं वेगळं आणि माहिती शोधता येणं वेगळं. रील सरकवायला, गेम खेळायला, फोटो पाठवायला जी सफाई लागते तिचा इथे फारसा उपयोग नाही. इथे लागतं ते विषयाचं भान : कोणतं उत्तर संभवतं, कोणतं संभवत नाही, या विषयावर कोण बोलू शकेल, त्या काळात त्या जागेला काय म्हणत. हे तुमच्याजवळ वीस-पंचवीस वर्षांच्या शिकवण्यातून आलेलं आहे. संगणकाच्या सरांकडे ते असेलच असं नाही. म्हणून हा विषय इतिहास-भूगोलाच्या तासालाच शिकवला जायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

यात कमीपणा वाटून घेण्यासारखंही काही नाही. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे अभ्यासक, विद्यापीठातले विद्यार्थी आणि बातम्यांची सत्यता तपासणारे व्यावसायिक अशा तीन गटांना तीच संकेतस्थळं दाखवून ती विश्वासार्ह आहेत का, हे ठरवायला सांगितलं होतं. पीएचडी झालेले इतिहासकारसुद्धा पुष्कळदा फसले. ते त्या पानावरच थांबून बारकाईने वाचत राहिले आणि देखण्या बोधचिन्हाला, भारदस्त नावाला भुलले. सत्यता तपासणाऱ्यांनी पान जेमतेम पाहिलं आणि लगेच बाहेर पडून, दुसऱ्या टॅबमध्ये, ‘ही संस्था कोण आहे, तिच्याबद्दल इतर काय म्हणतात’ हे शोधलं. ते कमी वेळात जास्त बरोबर ठरले. या सवयीला तिथे ‘आडवं वाचन’ अशा अर्थाचं नाव मिळालं आहे. तुम्हाला वर्गात एकच गोष्ट शिकवायला वेळ मिळाला, तर ही शिकवा. पान खरं की खोटं हे त्या पानाला विचारायचं नसतं.

पण त्याच्याही आधी प्रश्न बदलावा लागेल.

‘माहिती संकलित करा’ या आज्ञेचं सगळ्यात प्रामाणिक पालन म्हणजे कुठून तरी माहिती उचलून वहीत ठेवणं. मुलांनी तेच केलं. त्याऐवजी असं काही विचारून पाहा : किल्लारी परिसरात दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची (वर मातीचं सपाट छप्पर असलेली) घरं होती, तीच इतक्या मोठ्या संख्येने माणसांवर का कोसळली? भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, त्यांतलं एक गाव निवडा. ते कुठून कुठे गेलं आणि लोकांना नवी घरं मानवली का? मृतांचा आकडा कुठे सुमारे आठ हजार तर कुठे साडेनऊ हजारांच्या वर का दिला जातो? भूकंपाची तीव्रता ६.२ की ६.४, आणि दोन संस्थांची मापं वेगळी का येतात? दख्खनचा हा भाग भूकंपाच्या दृष्टीने शांत मानला जात होता, तो समज कसा मोडला?

यांतल्या कुठल्याही प्रश्नाचं तयार उत्तर एका पानावरून उतरवून भागत नाही. दोन-तीन ठिकाणचं जोडावं लागतं, थोडं घरी विचारावं लागतं. आणि गंमत अशी की प्रश्न नेमका झाला की शोधायला शब्दही आपोआप मिळतात.

शब्दांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण तुमच्या मुलांचं बहुतेक नुकसान तिथेच झालं असावं. नववीचं मूल शोधपट्टीत बहुधा ‘किल्लारी भूकंप माहिती मराठी निबंध’ असं काहीसं टाकतं. ‘निबंध’ हा शब्द टाकला की मुलांना तयार निबंध पुरवणाऱ्या आणि त्यावर जाहिराती लावणाऱ्या साइट पुढे येतात. त्या एकमेकींवरून उतरवत असतात, म्हणून तुमच्या वह्याही एकमेकींसारख्या झाल्या. मुलांना एवढंच सांगा : ज्याला हा विषय खरोखर ठाऊक आहे, त्या माणसाने लिहिताना कोणते शब्द वापरले असतील? तेच शब्द टाका. अभियंता ‘माळवद’, ‘दगडी बांधकाम’, ‘भूकंपरोधक’ असं लिहील. सरकारी अहवालात ‘पुनर्वसन’, ‘पुनर्बांधणी’ येईल. भूशास्त्रज्ञ ‘भूपट्ट’, ‘भ्रंश’ म्हणेल. ‘निबंध’, ‘दहा ओळी’, ‘संपूर्ण माहिती’ हे शब्द काढून टाकले की वरची पानं केवढी बदलतात, हे वर्गातल्या टीव्हीवर एकदा दाखवा. मुलं ते विसरणार नाहीत.

मग नावं. आपल्या भागात तर नावांचाच मोठा गुंता आहे. तुमच्या जिल्ह्याचं नाव २०२३ पर्यंत उस्मानाबाद होतं, म्हणजे भूकंपावरचं जवळजवळ सगळं जुनं लेखन त्याच नावाने सापडेल. ‘धाराशिव’ टाकून शोधणाऱ्या मुलाला ते दिसणारच नाही. किल्लारी औसा तालुक्यात, लातूर जिल्ह्यात; पण लातूर जिल्हाच १९८२ साली झाला. त्याआधीची किल्लारी शोधायची तर पुन्हा उस्मानाबादकडे जावं लागेल. सास्तूरचं बघा : आज लोहारा तालुक्यात, पण १९९३ च्या अहवालांत ‘औसा आणि उमरगा तालुके’ एवढाच उल्लेख असतो. आणि इंग्रजी जगात हा ‘लातूर अर्थक्वेक’ आहे, किल्लारी नव्हे. इंग्रजीत शोधताना मुलांनी ‘लातूर’ हे नाव टाकायला हवं, हे त्यांना कोण सांगणार? तुम्हीच. फळ्यावर एका घटनेची पाच नावं लिहून देणं हा अर्ध्या तासाचा उत्तम पाठ आहे. छत्रपती संभाजीनगरच्या, अहिल्यानगरच्या शिक्षकांनाही तो जसाच्या तसा घेता येईल.

शुद्धलेखनाकडेही लक्ष असू द्या. ‘भूकंप’ आणि ‘भुकंप’ यांचे निकाल सारखे येत नाहीत, आणि रोमन लिपीत मराठी टाइप केलं तर तिसरेच येतात. तिन्ही करून पाहायला सांगावं. इंग्रजीतलं पान उघडलं तर ब्राउझर त्याचा मराठी अनुवाद देतो. तो कामचलाऊ असतो, पण कुठला परिच्छेद आपल्या कामाचा एवढं त्यावरून कळतं.

काही युक्त्या आहेत, त्या एका तासात होतात. नेमका शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकला की तो तसाच असलेली पानं येतात. नको असलेल्या शब्दाला लागून आधी वजाचं चिन्ह लावलं की ती पानं गळतात. शोधशब्दांपुढे इंग्रजीत ‘साइट’, त्याला जोडून कोलन, आणि जागा न सोडता ‘जीओव्ही डॉट इन’ टाइप केलं की फक्त सरकारी संकेतस्थळांवरचे निकाल येतात. ‘फाइलटाइप’, कोलन, ‘पीडीएफ’ असं जोडलं की अहवाल आणि पुस्तकं वर येतात, निबंधांच्या साइट बऱ्याच मागे पडतात. यापेक्षा जास्त शिकवत बसू नका. युक्त्या मुलांना आवडतात, पण प्रश्न कच्चा असेल तर युक्ती कामाला येत नाही.

चार संगणकांची आणि एका टीव्हीची अडचण तुम्ही लिहिली आहे. मला वाटतं पहिले दोन तास इंटरनेट नसलेलंच बरं. तुम्ही घरी एक शोध घ्या, पहिल्या दहा निकालांची शीर्षकं, पत्ते आणि खालच्या दोन ओळी कागदावर उतरवा किंवा छापून आणा. मुलांचे गट करा. सांगा, तुम्हाला यांतली दोनच पानं उघडता येतील, कोणती उघडाल आणि का? कुणी म्हणेल पहिलं, कारण ते पहिलं आहे. मग बोलायला सुरुवात होते. पहिल्या निकालावर ‘स्पॉन्सर्ड’ किंवा ‘प्रायोजित’ लिहिलंय का? तसं असेल तर ती जागा कुणीतरी पैसे देऊन घेतली आहे. पत्ता कुणाचा आहे? तारीख आहे का? लेखकाचं नाव आहे का? आठवडी बाजारात आपण पहिल्याच गाड्यावरून पिशवी भरत नाही, एकदा सगळा बाजार फिरून येतो. निकालांचं पानही तसंच आधी खालपर्यंत बघायचं, मग बोट लावायचं. हा पाठ मी सगळ्यांत वर ठेवीन, कारण त्याला वीज लागत नाही, फोन लागत नाही, आणि ज्या मुलीच्या हातात घरी फोन येतच नाही तीही यात पुढे राहू शकते.

भुजच्या फोटोंचं काम सोपं आहे. भुजचा भूकंप २६ जानेवारी २००१ चा. फोटोवर बोट दाबून धरलं किंवा तो गूगल लेन्सला दिला की तो आणखी कुठे कुठे वापरला गेला आहे ते दिसतं. एखादाच फोटो घेऊन तुम्ही वर्गात हे करून दाखवा. त्या मुलाचं नाव मात्र घेऊ नका. त्याला सांगावं, की तुझी वही तपासताना आपल्या सगळ्यांना एक नवी गोष्ट शिकायला मिळाली.

आता विकिपीडिया. पुष्कळ शिक्षक तो निषिद्ध ठरवतात, मला ते योग्य वाटत नाही. सुरुवात करायला ती चांगली जागा आहे, फक्त तिथे थांबायचं नाही. लेखाच्या तळाशी ‘संदर्भ’ असतात, मुलांनी तिथे जायचं. एका विधानापुढचा आकडा दाबायचा आणि तो दुवा खरोखर तेच सांगतो का ते बघायचं. मराठी आणि इंग्रजी लेख शेजारी ठेवून ‘कुठे काय वेगळं आहे’ हे शोधायला सांगितलं तर नववीची मुलं छान रमतात. मराठी विश्वकोशाची सवय जरूर लावा. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या देखरेखीखाली वाईतून उभं राहिलेलं ते काम आता विनामूल्य ऑनलाइन आहे आणि नोंदींखाली लेखकाचं नाव असतं. मात्र पहिला खंड १९७६ सालचा आहे आणि पुढचे खंड कित्येक वर्षं निघत राहिले, तेव्हा आपण वाचतोय ती नोंद कोणत्या काळातली हे आधी पाहायला शिकवा. १९९३ च्या आधी लिहिलेल्या नोंदीत किल्लारी कशी सापडेल?

इथेच मला तुमच्या मुलांच्या त्या वाक्याकडे यायचं आहे. ‘गूगलवर तसंच आहे’ म्हणताना मुलं धरून चालतात की जगात जे आहे ते सगळं तिथे आहे. भारतात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ रोजी, म्हणजे किल्लारीनंतर जवळजवळ दोन वर्षांनी. त्या पहाटेबद्दल ऑनलाइन जे काही आहे ते सगळं नंतर कुणीतरी चढवलेलं आहे. काय चढवायचं आणि काय नाही, हे कुणीतरी ठरवलेलं आहे. त्या आठवड्यातली मराठी वर्तमानपत्रं कागदावर आहेत, जिल्हा ग्रंथालयात, वृत्तपत्रांच्या कार्यालयांत. शिवाय आपली पुष्कळ जुनी कागदपत्रं स्कॅन करून चढवली आहेत, ती यंत्राला नुसती चित्रं दिसतात. जी टाइप केली आहेत त्यांतली कित्येक युनिकोड (सगळ्या यंत्रांना सारखीच वाचता येणारी अक्षरपद्धत) येण्याआधीच्या श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये आहेत. डोळ्यांना ती मराठी दिसतात, शोधयंत्राला नाही. तेव्हा ‘शोधून सापडलं नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा होत नाही, हे मुलांच्या वहीत एकदा ठळक लिहून घ्या.

मराठवाड्यातल्या शिक्षकांसाठी आणखी एक सांगते. गावाचा इतिहास म्हटला की कॅम्पबेल यांनी संपादित केलेली जुनी मुंबई इलाख्याची गॅझेटिअर्स, म्हणजे जिल्हावार माहितीची सरकारी पुस्तकं, हाती लागतात आणि सातारा, सोलापूर, रत्नागिरीच्या मुलांना ती फार उपयोगी पडतात. आपल्याकडचं मूल तिथे शोधून शोधून थकेल, कारण १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याने हैदराबादच्या नोंदी बघायला हव्यात, आणि महाराष्ट्र राज्य झाल्यावर निघालेलं उस्मानाबादचं गॅझेटिअर. विदर्भात मध्य प्रांताच्या गॅझेटिअरकडे जावं लागतं. कुठे शोधायचं हे इतिहास शिकलेल्या माणसालाच कळतं.

आणि तुमच्या गावात तर अजून जिवंत माणसं आहेत ज्यांनी ती पहाट पाहिली. मुलांना त्यांच्याकडे पाठवा, पण जपून. कुणाची दोन लेकरं त्या ढिगाऱ्याखाली गेली असतील, त्यांना नववीच्या मुलाने वही उघडून ‘तुम्हाला काय वाटलं’ असं विचारणं बरं नव्हे. आधी तुम्ही स्वतः जाऊन विचारा, ज्यांना बोलायचं आहे त्यांच्याकडेच मुलं न्या, आणि घर, पाऊस, मदत कशी आली, पत्र्याच्या शेडमधले दिवस, नवं गाव असे प्रश्न आधी ठरवून ठेवा. नंतर त्यांनी सांगितलेलं आणि ऑनलाइन सापडलेलं शेजारी ठेवा. जुळत नसेल तर कुणालाही खोटं ठरवण्याची घाई करू नका. आजीची ‘विसर्जनाची रात्र’ आणि संस्थेची २९ तारीख एकमेकींना कशी भेटतात, हे तुम्ही पाहिलंच.

एआयबद्दल थोडक्यात. आता शोध घेतला की पुष्कळदा निकालांच्या वरच तयार गोषवारा येतो, त्यामुळे ‘एआय वापरू नका’ ही सूचना पाळणं मुलांच्या हातातच राहिलेलं नाही. ते उत्तर पुष्कळदा बरोबर असतं, कधी अगदी ठामपणे चुकलेलं असतं, आणि दोन्ही वेळा त्याचा सूर एकच असतो. मुलांकडून एवढंच करून घ्या : गोषवाऱ्यातलं एक वाक्य निवडायचं, त्याच्याशी जोडलेला दुवा उघडायचा, आणि ते वाक्य तिथे सापडतं का ते वहीत लिहायचं. दुवा नसेल तर दुसरीकडून खातरजमा करायची. ज्या मुलीने सगळं एआयकडून लिहून घेतलं तिला समोर बसवून, न रागावता, तिच्याच वहीतली तीन वाक्यं विचारा : ‘हे तुला कशावरून कळलं?’ तिला उत्तर देता आलं नाही तर तिचं तिलाच उमजेल, आणि देता आलं तर तिने काम केलेलं आहे.

यासाठी वहीची मागची पानं राखून ठेवावीत. दर शोधाला चार गोष्टी : मी काय विचारत होतो, कोणते शब्द टाकले, काय उघडलं, काय घेतलं किंवा सोडलं आणि का. दोन ओळी पुरतात. प्रकल्पाचे निम्मे गुण या पानांना द्या. हे केलंत की नकलेचा प्रश्न बराच हलका होईल, कारण शोधाची नोंद दुसऱ्याची उतरवली तर लगेच दिसते. सोडलेल्या पानांनाही गुण द्या. ‘ही साइट सोडली कारण लेखकाचं नाव नव्हतं’ असं लिहिणारं मूल शिकलं आहे.

फोनबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिलंत, पण मला ते फार महत्त्वाचं वाटलं. घरात एक फोन असतो, तो वडिलांबरोबर संध्याकाळी येतो, आणि मग बहुतेक घरांत तो आधी मुलाच्या हातात जातो. मुलीला मिळालाच तर कुणीतरी शेजारी उभं असतं. घरून शोधून आणा असं सांगितलं की आपण नकळत मुलींचे गुण कापतो. म्हणून शोधाचं काम शाळेतच व्हायला हवं : चार संगणक, चार गट, प्रत्येक गटाला आठवड्यातून एक तास. कीबोर्डवर बसणारं मूल दर वेळी वेगळं, आणि त्याची सुरुवात मुलींपासून. हे वाचणाऱ्या पालकांनाही माझी विनंती आहे. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं मुलीच्या शेजारी बसा, फोन तिच्या हातात राहू द्या, आणि ती काय शोधते ते तिला तुम्हाला समजावून सांगू द्या. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी चालेल. ‘हे कुणी लिहिलंय?’ एवढंच विचारा.

मुख्याध्यापकांच्या भीतीत तथ्य आहे, तिची टिंगल करू नका. उतरवलेल्या वह्यांनी शाळेचं काही भलं होत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. पण बंदी घातली तर मुलं तेच घरी करतील आणि वहीत ‘संदर्भ : पुस्तक’ असं लिहायला शिकतील. त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा एका सत्राची मुदत मागा. नववीची एक तुकडी, आठवड्याला एक तास, आणि वाचनालयाच्या कपाटाची किल्ली त्या तासापुरती तुमच्याकडे. अट तुम्हीच घाला : प्रत्येक प्रकल्पात किमान एक छापील पुस्तक किंवा एक जिवंत माणूस असेल, नुसतं इंटरनेट चालणार नाही. ही अट ऐकून त्यांचा विरोध निम्मा होईल असं मला वाटतं, आणि ती अट शैक्षणिक दृष्टीनेही योग्यच आहे.

राहिले गुण. या वेळचे कापू नका. उतरवू नये हे आपण सांगितलं नव्हतं, आणि न उतरवता कसं करायचं हे शिकवलंही नव्हतं. वह्या परत द्या, प्रत्येकाला स्वतःच्याच प्रकल्पातली कोणतीही तीन विधानं निवडायला सांगा, आणि त्यांचा मूळ स्रोत शोधून समासात लिहायला आठवडाभराची मुदत द्या. ज्यांचा सापडणार नाही त्यांनी ‘सापडला नाही’ असं लिहायचं आणि कुठे कुठे पाहिलं ते नोंदवायचं. त्यालाही पूर्ण गुण. ज्यांनी २९ सप्टेंबर लिहिलं होतं त्यांना मात्र आधी एकेकट्याने विचारा, कुठे पाहिलंस? एखाद्याने ती परदेशी नोंद खरंच पाहिली असेल तर त्या मुलाला फळ्यापाशी बोलवा आणि साडेपाच तासांचा हिशेब त्यालाच वर्गाला समजावून सांगू द्या.